प्लग घासून आणू नयेत

मोटार तिसऱ्यांदा खाडीच्या बरोबर मध्यावर बंद पडली, तेव्हा मात्र मी हबकलो. पहिल्या वेळी मी म्हटलं, नवीन हात आहे, ओळख व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळी म्हटलं, योगायोग. तिसऱ्या वेळी काही म्हणायला तोंडातून शब्दच फुटेना. एवढीशी बोट, तिच्या मागे टांगलेली मोटार, खाली खोली किती ते कोणी मोजलेलं नाही अशी खाडी, आणि या सगळ्यात मी, ज्याला पोहता येत नाही. मोटार सुरू करायची दोरी ओढ ओढ ओढली. शेवटी हात टेकले. पाण्याची बाटली पिशवीत घातली, चपला पायात सारल्या, हाताला लोंबत होतं ते जागच्या जागी लावलं (शेवटची वेळ आली तरी माणसानं मागे पसारा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे), आणि जाता जाता म्हणून एकदा ओढून बघितली, तर मोटार सुरू! तिन्ही वेळा अस्संच झालं. मी पार थकलो की ती सुरू व्हायची. तिचं माझ्याशी काहीतरी वाकडं होतं एवढं नक्की.

कोणी म्हणेल, पोहता येत नाही तर बोट घेतलीत कशाला? बरोबर आहे. हौस म्हणून घेतली असती तर मी स्वतःच्याच थोबाडीत दोन ठेवून दिल्या असत्या. पण आमची ही खाडीपलीकडच्या शाळेत शिकवते. बावीस वर्षं शिकवल्यावर यंदा तिला मुख्याध्यापिका केलं, आणि त्याच महिन्यात खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. किती दिवस? तर पाटीवर लिहिलंय, ‘काम पूर्ण होईपर्यंत’. वळसा घालून गेलं तर अडीच तास; ती पहाटे पाचला निघून तसंच करत होती, पण ते रोज झेपणारं नव्हतं. सरकारी लाँच अकराला सुटते, शाळा आठला भरते. मुख्याध्यापिकाच अकरानंतर उगवायला लागल्या तर उशिरा येणाऱ्या मुलांना रागावणार कोणत्या तोंडानं?

तेव्हा एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, “मी तिकडे एक खोली बघते. शनिवारी दुपारी येत जाईन.”

शांतपणे म्हणाली हेच वाईट झालं. भांडून म्हणाली असती तर मीही भांडलो असतो. आठवड्यातले पाच दिवस एकट्यानं त्या घरात? चहा एक कप करायचा? दार आपणच लावायचं आणि आपणच तपासायचं? मी ताडकन म्हणालो, “खोली कशाला? आपण बोट घेऊ! मी सोडत जाईन तुला!”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही?”

त्या ‘तुम्ही?’मुळेच बोट आली. माझ्या ऑफिसातल्या एका निवृत्त सहकाऱ्याकडे ती दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. देताना त्यानं एक लाल नाडी माझ्या हातात दिली. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं टोक मोटारीच्या खाचेत. माणूस पाण्यात पडला की खाचेतलं टोक निघतं आणि मोटार थांबते, नाहीतर मालक पाण्यात आणि बोट पुढे असा प्रकार होतो. “ही कधी विसरू नका,” तो म्हणाला. मी कसला विसरतोय! मी ती मनगटाला चार वेढे देऊन घट्ट आवळायचो. सुरक्षिततेच्या बाबतीत मला हयगय खपत नाही.

याचं कारण माझी नोकरी. मी नगर कार्यालयात मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसतो. लोक कसे गेले ते दिवसभर सुवाच्य अक्षरात लिहितो. ‘पाण्यात बुडून’ हा शेरा मी इतक्यांदा लिहिलाय की अलीकडे ‘बु’ आला की मी पेन खाली ठेवतो. बोट घेतल्यापासून तर रजिस्टरमधली प्रत्येक रिकामी ओळ माझ्याकडेच बघतेय असं वाटायचं. आणि स्वतःचं मी एवढं मनावर घेत नव्हतो. माझी झोप उडवली होती ती दुसऱ्या विचारानं: सोमवारपासून या बोटीत ती बसणार. पोहायला तिलाही येत नाही.

बंदर कार्यालयात परवान्यासाठी गेलो, तर तिथल्या कारकुनानं अर्जावर बोट ठेवलं. ‘पोहता येते काय?’ या रकान्यात मी ‘आवश्यक तेवढे’ असं लिहिलं होतं.

“किती आवश्यक?” त्यानं विचारलं.

“ते त्या त्या प्रसंगावर अवलंबून आहे,” मी म्हणालो. तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यावर एवढं उत्तर कुणालाही सुचतं. तोही नोकरीतलाच असल्यामुळे त्याचं समाधान झालं. पण पुढच्या रकान्यावर तो अडून बसला. मोटार चालू स्थितीत असल्याचा मिस्त्रीचा दाखला हवा. तो नसेल तर परवाना नाही, आणि शनिवारी दुपारी बारानंतर कार्यालय बंद.

घरी आलो तर हिनं टेबलावर एक चिठ्ठी ठेवलेली. खोलीच्या मालकिणीचा नंबर. “सोमवारपर्यंत परवाना झाला तर उत्तम,” ती म्हणाली, “नाहीतर मी किल्ली घेते. त्यांनाही किती दिवस थांबवायचं?” हा मंगळवार होता.

मी तसाच वरच्या मजल्यावर गेलो. तिथे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना मोटारींचा भारी नाद आहे, आणि सल्ला देताना समोरच्याला आ करायला लावायची सवय आहे. माझी हकीकत ऐकून ते म्हणाले, “प्लग बघा. मोटारीचं सगळं प्लगवर कळतं. मी दात बघून माणूस सांगतो ना, तसंच.”

प्लग म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंगठ्याएवढी पांढरी वस्तू असते, खाली लोखंडी टोक. ते टोक मोटारीच्या पोटात जातं, तिथे ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. आमच्या मोटारीला असे दोन होते. डॉक्टरांनी धक्क्यावर येऊन ते काढून दिले, उजेडात धरून बघितले, आणि ‘अरेरे’ म्हणाले.

“अरेरे म्हणजे?”

“घाण आहे हो फार. मिस्त्रीकडे न्याच.” आणि परत आल्यावर जिन्यात शिरता शिरता त्यांनी ते वाक्य टाकलं ज्याबद्दल मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही. “तसेच नेऊ नका मात्र. माझ्याकडे येताना लोक दात घासून येतात, तेवढी तरी शिस्त पाहिजे.”

पटलं मला. परक्या माणसापुढे आपली वस्तू मळकी कशी न्यायची? घरी पाहुणे येणार असले की आपण पलंगाखालचीसुद्धा धूळ काढतो. मी मोरीत बसलो. जुना ब्रश घेतला, पेस्ट घेतली, आणि दोन्ही प्लग असे लखलखीत घासले की आमच्या हिनंसुद्धा विचारलं, “चांदीचे आहेत का?” रुमालात गुंडाळून, भांग वगैरे पाडून मी बुधवारी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीचं दुकान धक्क्याच्या टोकाला. माणूस साठीचा, बोलणं मोजकं. भिंतीवर एक फळी, तिच्यावर जुने प्लग खिळ्यांनी ठोकलेले. तो हातातलं काम आवरेपर्यंत मी फळी बघत होतो. “हा एवढा पांढरा का हो?” मी विचारलं.

“आतून भाजली मोटार. खलास.”

“आणि हा काळा?”

“पेट्रोल जास्त. भर समुद्रात बंद पडली.”

“आणि याच्यावर हे डाग?”

“पाणी शिरलं होतं आत.”

“मग?”

“मग काय,” मिस्त्री म्हणाला आणि पाना पुसायला लागला. ही फळी म्हणजे आमच्या ऑफिसचं रजिस्टरच होतं, फक्त खिळ्यांनी ठोकलेलं. शेवटचा एक प्लग मात्र साध्या बिस्किटाच्या रंगाचा होता. “तो ठणठणीत,” मिस्त्री म्हणाला. “असा रंग पाहिजे. दाखवा तुमचे.”

मी रुमाल उलगडला.

मिस्त्रीनं एक प्लग उचलला. फिरवला. नाकाशी नेला. “पुदिन्याचा वास येतोय,” तो म्हणाला.

“पेस्टचा आहे,” मी म्हणालो. “घासलेत मी. स्वतः.”

त्यानं प्लग रुमालावर परत ठेवला. मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “साहेब, मला ती घाणच वाचायची असते.”

माझी काय अवस्था झाली ते सांगता येत नाही. तीस वर्षं कागदपत्रं सांभाळणारा माणूस मी, आणि आपल्या हातानं पुरावा धुऊन मोरीत सोडला! मी म्हटलं, आता काय करायचं? तर त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझी पाचावर धारण बसली. नवे प्लग घालायचे. बोट खाडीच्या मध्यावर न्यायची. पाच मिनिटं पूर्ण वेगात पळवायची. मग वेग अजिबात कमी न करता, पळत्या मोटारीचं बटण दाबून ती एकदम बंद करायची. हळूहळू बंद केली तर प्लगचा रंग बदलतो आणि खरं काय ते कळत नाही. तिथेच, पाण्यावरच, प्लग काढायचे, दुसरी जोडी घालायची, आणि काढलेले तसेच्या तसे आणायचे.

“म्हणजे,” मी म्हणालो, “खाडीच्या मध्यावर मोटार बंद का पडते हे कळायला, खाडीच्या मध्यावर मोटार बंद पाडायची?”

“हो,” मिस्त्री म्हणाला. “आणि घासायचे नाहीत.”

गुरुवारी मी रजा टाकली. कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. साहेबांनी ‘सर्व ठीक ना?’ असं विचारलं तेव्हा मी त्यांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला.

मी एकटाच जाणार होतो. पण ही शाळेतून दुपारची सुट्टी घेऊन आली आणि पदर खोचून म्हणाली, “एका हातानं दांडा धरणार, एका हातानं पाना धरणार आणि बोट कशानं धरणार? मी चालवते.”

“अगं, धोका आहे!”

“मग सोमवारी काय असणार आहे?”

आम्ही बुडू न देणारी नारंगी जॅकेटं घातली. तिनं बोट वळवायचा दांडा धरला, लाल नाडी मनगटात नुसती अडकवली. मी म्हटलं, घट्ट बांध. ती म्हणाली, हात काळा पडेल. निघालो. पाच मिनिटं ती बोट अशी काही पळाली की मी फळीला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटून बसलो होतो. वाटेत चांगल्या चार लाटा आल्या. मोटार बंद पडली नाही. तेवढ्या भीतीतही मला तिचा राग आला. मोटारीचा. माझ्या हातात असली की रुसते, आणि हिच्या हातात कशी शहाण्यासारखी पळतेय!

“दाबू का बटण?” ती ओरडली.

“नको!” मी ओरडलो. “म्हणजे हो! दाब!”

आवाज थांबला. एवढी शांतता मला कधीच सहन झालेली नाही. बोट आपली आपण थोडी पुढे गेली आणि मग प्रवाहाबरोबर तिरकी सरकायला लागली. मी पाना घेऊन मोटारीपाशी गुडघ्यावर बसलो. वरचा प्लग निघाला, पण इतका तापलेला की मी ‘आई गं’ म्हणून हात झटकला, आणि तो बोटीच्या तळाशी पडला. पाण्यात पडला नाही हे नशीब. खालचा फडक्यात धरून काढला. दोन पाकिटं आणली होती, ‘वरचा’ आणि ‘खालचा’, तारीख-वेळेसह. त्यांत ते घातले. आता दुसरी जोडी बसवायची. प्लग भोकाला लावला, फिरवला. बसेना. पुन्हा फिरवला.

तेवढ्यात भोंगा वाजला. वळणावरून रेतीचा भलामोठा पडाव, म्हणजे मालाची होडी, येत होता, थेट आमच्या दिशेनं. असे पडाव चटकन वळत नाहीत. थांबत तर त्याहून नाहीत.

“अहो,” ही म्हणाली, “उलटं फिरवताय.”

मी प्लग खाली ठेवला. मला ते जमणारच नव्हतं. आणि त्या पडावाकडे बघत, काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो. “मला भीती वाटतेय गं.”

“मला काय दिसत नाही का? पाण्याची ना?”

“पाण्याची आहेच. पण त्या खोलीची जास्त. तू तिकडे राहायला गेलीस की मी त्या घरात काय करू? आणि बोटीनं गेलीस आणि मध्येच काही झालं, तर ती नोंद मला माझ्याच टेबलावर… मला दोन्हीकडून भीती वाटते. मी कुठल्या बाजूला बसू तेच कळत नाही.”

ती दांडा सोडून माझ्याशेजारी आली, माझ्या हातातून पाना घेतला, दोन्ही प्लग सरळ फिरवून बसवले, वायरी लावल्या, दोरी एकदा ओढली. मोटार सुरू झाली. पडाव आमच्या मागून गेला, आणि वरच्या माणसानं आम्हाला जे काही सुनावलं ते भोंग्यात विरून गेलं. धक्क्याला लागेपर्यंत तिनं एका हातानं दांडा आणि एका हातानं माझं जॅकेट धरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं मिस्त्रीकडे गेलो. त्यानं पाकिटं फोडली. मी फळीवरच्या पांढऱ्या प्लगकडे बघत होतो, काळ्याकडे बघत होतो, डागवाल्याकडे बघत होतो. त्यानं दोन्ही प्लग शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे.

“उत्तम मोटार आहे,” तो म्हणाला. “हिला काहीही झालेलं नाही.”

“मग बंद का पडते?”

मिस्त्रीनं विचार केला. “तुम्ही कसे बसता ते दाखवा.” त्यानं एक स्टूल ओढलं, हातात झाडूचा दांडा दिला, आणि दुकानातली एक नाडी पुढे केली. मी नेहमीसारखे मनगटाला चार वेढे दिले. दुसरं टोक त्यानं एका जुन्या मोटारीच्या खाचेत बसवलं. नाडी एवढीशीच उरली. मी झाडू धरून बसलो. ही बाजूला उभी. माझ्या आयुष्यात याहून मानहानीचा प्रसंग आलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

“लाट आली!” मिस्त्री ओरडला.

मी झाडू टाकून स्टुलाला दोन्ही हातांनी गच्च धरलं. नाडीला हिसका बसला आणि खाचेतलं टोक टचकन बाहेर आलं.

“पडली बंद,” मिस्त्री म्हणाला.

मोटार बिघडलेली नव्हतीच. तिला वाटायचं मालक पाण्यात पडला. आणि मग टोक बाहेर लोंबत असताना मी दोरी ओढत बसायचो, आणि निघायच्या आधी नीटनेटकेपणानं ते जागच्या जागी लावायचो, तेव्हा कुठे ती बिचारी सुरू व्हायची. ही तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज आला. मग तो थांबला, आणि ती आत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. ते नुसत्या हसण्यानं नव्हते, असं मला वाटलं.

मिस्त्रीनं दाखला लिहिला. ‘मोटार उत्तम स्थितीत.’ खाली थोडी जागा उरली होती, तिथे त्यानं लिहिलं, ‘बाईंनी चालवावी.’

शनिवारी तिनं शाळेत रजा टाकली आणि परवाना तिच्या नावानं निघाला. पोहण्याच्या रकान्यात तिनं सरळ ‘नाही’ लिहिलं. कारकून म्हणाला, मग जॅकेट सक्तीचं. बास, एवढंच होतं ते. खोलीच्या मालकिणीला तिनं माझ्यासमोर फोन करून नको म्हणून कळवलं.

सोमवारी सव्वासातला ती धक्क्यावर उभी. साडीवर नारंगी जॅकेट, काखेत वह्यांची पिशवी.

“मीही येतो,” मी म्हणालो.

“आलात तर परत कसे येणार? बोट माझ्याबरोबर तिकडेच राहणार.”

“अर्धी रजा टाकीन.”

“रोज?” तिनं नाडी मनगटात अडकवली. “पोचले की फोन करते. उभे राहू नका इथे.”

गेली. मी उभा राहिलो. बोट लहान लहान होत गेली आणि वळणामागे दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज उरला. मी दुसरं काही ऐकत नव्हतो. कोणीतरी नमस्कार केला, मी केला नाही. तो बारीकसा आवाज आहे तोवर सगळं ठीक आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आवाज होता. होता. आणि एकदम थांबला.

मी तिला हाक मारली. खाडी ओलांडून ऐकू जाईल अशी मारली. पुन्हा मारली. आवाज नाही. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मग शर्टाच्या खिशातला फोन वाजला.

“पोचले,” ती म्हणाली.

“मोटार बंद पडली! मी ऐकलं! एकदम बंद पडली!”

“अहो, पोचल्यावर बंद करायची नाही का?”

बंद पडणं, बंद पाडणं यात आठवडा गेला होता. मोटार पोचल्यावरही बंद होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आणि हा पाण्याचा आवाज कसला येतोय?” तिनं विचारलं. “कुठे आहात तुम्ही?”

मी खाली बघितलं. धक्क्याच्या पायऱ्या मागे राहिल्या होत्या. ऑफिसची पँट दिसत नव्हती.

“पाण्यात आहे,” मी म्हणालो. “कमरेपर्यंत.”

“पाण्यात? तुम्ही? कशाला?”

“तुझ्याकडे यायला निघालो होतो.”

पलीकडून मुलांचा गलका तेवढा येत होता. मग ती म्हणाली, “आधी बाहेर या.”